बांधावरचे झाड आणि करकोच्याचे घरटे



गट सभेला गेले की प्रश्न ठरलेले असतात. तोडीचा नंबर कधी लागणार, बेण्याचा प्लॉट कुठे धरला आहे, खोडव्याला खताचा हप्ता किती द्यायचा. अलीकडे मात्र फुगवट्याच्या काठच्या गावांतून एक निराळा प्रश्न येऊ लागला आहे. "साहेब, बांधावरच्या चिंचेवर ती लांब चोचीची पाखरं बसत्यात. खालचा ऊस पांढराफटक होतो, मासळीचा वास घरापर्यंत येतो. झाड काढून टाकलं तर काय अडचण हाय का?"

अडचण आहे. एक अडचण कायद्याची आहे आणि दुसरी आपल्याच शेतीच्या हिशेबाची आहे. ऊस विकास खात्याने पाखरांवर लिहावे याचे काही जणांना नवल वाटेल. पण ही पाखरे आपल्या पाटाच्या पाण्यात, नांगरटीत आणि बांधावरच्या झाडावर जगतात. त्यांचे बरेवाईट आपल्या हातात आहे, आणि आपले थोडेफार त्यांच्या चोचीत आहे. म्हणून या अंकात त्यांची माहिती सविस्तर देत आहोत.

सगळेच बगळे नव्हेत

पाण्यात उभे राहणारे लांब पायांचे पाखरू दिसले की आपण त्याला बगळा म्हणून मोकळे होतो. लहान मुलेही आकाशात थवा दिसला की नखे पुढे करून बगळ्याजवळ फुले मागतात. पण यात तीन निरनिराळी घराणी आहेत: बगळे, करकोचे आणि शराटी. ओळखायची सोपी खूण उडण्यात आहे. बगळा उडताना मान दुमडून खांद्यात घेतो. करकोचा आणि शराटी मान सरळ पुढे काढून उडतात.

बगळ्यांत आपल्या ओळखीचा पहिला म्हणजे गायबगळा. जनावरांच्या पायांत फिरणारा, पिवळ्या चोचीचा, पांढरा. विणीच्या दिवसांत त्याच्या डोक्यावर आणि मानेवर केशरी रंग चढतो. दुसरा लहान बगळा. याची चोच काळी, पाय काळे, पण बोटे पिवळी, जणू पिवळे मोजे घातले आहेत. तिसरी ढोकरी. ही पाटाच्या कडेला मातीच्या रंगाची होऊन बसते. दिसत नाही, पण उडाली की एकदम पांढरे पंख उघडते. चौथा राखी बगळा, उंच, फुगवट्याच्या कडेला तासन्‌तास एकटा उभा. 'बकध्यान' हा शब्द याच मंडळींवरून आला.

शराटीला काही भागांत कुदळ्या म्हणतात, आणि नाव अगदी योग्य आहे. चोच कुदळीसारखी खाली वाकलेली. पांढरा शराटी काळ्या डोक्याचा आणि पाणथळीत राहणारा. काळा शराटी मात्र कोरड्या रानातही फिरतो. त्याच्या डोक्याच्या मागे लाल चट्टा आणि खांद्यावर पांढरा ठिपका असतो. नांगरटीत हा हमखास दिसतो.

करकोचे आकाराने सगळ्यांत मोठे. आपल्याकडे मुख्यतः तीन दिसतात. चित्रबलाक, म्हणजे रंगीत करकोचा: पिवळी जाड चोच, शेंदरी उघडा चेहरा, छातीवर काळा पट्टा आणि शेपटीजवळच्या पिसांवर गुलाबी रंग. मुग्धबलाक, म्हणजे उघड्या चोचीचा करकोचा: याची चोच मिटली तरी मध्ये फट राहते. आणि कांडेसर, म्हणजे पांढऱ्या लोकरी मानेचा काळा करकोचा. हिवाळ्यात पांढरा करकोचाही परदेशातून येतो, पण थोडा.

एक खुलासा करणे जरूर आहे. हिवाळ्यात हरभऱ्याच्या आणि ज्वारीच्या रानात थव्याने उतरणारा कांड्या करकोचा नावाने करकोचा असला तरी जातीने क्रौंच आहे. तो दाणे खातो आणि झाडावर कधीच बसत नाही, कारण त्याचे मागचे बोट आखूड आणि वर असते, त्याला फांदी धरता येत नाही. म्हणून हरभऱ्याचे नुकसान झाले असेल तर त्याचा राग चिंचेवरच्या करकोच्यावर काढू नये. चिंचेवरचा करकोचा दाण्याला तोंड लावत नाही. तो मासे, बेडूक, खेकडे, गोगलगाई आणि किडे यांवर जगतो.

नांगरामागची फौज

आता आपल्या कामाचा भाग. ऊस पिकाला हुमणी किती छळते हे सांगायला नको. तिचे वर्ष कसे जाते ते मात्र ध्यानात घेतले पाहिजे. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की मे-जूनमध्ये भुंगे संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात. कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर जमतात, पाला खातात, तेथेच नर-मादीचे मीलन होते, आणि पहाटे परत जमिनीत शिरतात. एक मादी साधारण ५० ते ६० अंडी घालते. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात अळी मोठी होते आणि मुळ्या कुरतडते. ऊस पिवळा पडतो, हिसका दिला की बेट हातात येते. पुढे अळी खोल जाऊन कोष करते आणि कोषातला भुंगा पुढच्या वळवाची वाट पाहत जमिनीत पडून राहतो. वर्षाला एकच पिढी. म्हणजे एक भुंगा अंड्याआधी मेला तर पन्नास अळ्यांचा बंदोबस्त झाला.

खोडवा मोडून नांगरट केली की दडलेल्या अळ्या, कोष आणि भुंगे वर येतात. याच वेळी गायबगळे, काळे शराटी, ढोकऱ्या, कावळे, साळुंक्या ट्रॅक्टरमागे धावतात. गायबगळा जनावरामागे किंवा अवजारामागे चालतो तो उगाच नव्हे. जमीन हलली की किडा उठतो, आणि एकट्याने हिंडण्यापेक्षा कमी पावलांत जास्त भक्ष्य मिळते. शराटी तर वाकडी चोच ढेकळांच्या भेगेत घालून आतली अळी ओढून काढतो. पाटाचे पाणी नव्या लागणीत सोडले की बिळातले नाकतोडे, किडे बाहेर येतात, तेही ही पाखरे टिपतात.

पण आम्ही वाढवून सांगणार नाही. पाखरांनी हुमणी संपते असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. आडसाली ऊस डोक्यावर गेला, दाट झाला की त्यात मोठे पाखरू शिरू शकत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी अळी मुळ्या खात असते. पाखरांचा उपयोग नांगरटीच्या, लागणीच्या आणि बाळबांधणीपर्यंतच्या काळात आहे. म्हणून नांगरट दिवसा करावी, रात्री करू नये. सकाळच्या वेळी खोल नांगरट करून रान तसेच उघडे ठेवावे, लगेच रोटाव्हेटर मारू नये. दोन-तीन दिवस पाखरांना मिळाले तर त्यांचे काम ती फुकटात करतात.

काही सभासद म्हणतात, भुंगे बाभळीवर आणि कडुनिंबावर जमतात, मग ती झाडेच काढू. हा विचार उलटा आहे. भुंगा झाडावर जमतो म्हणूनच तो आपल्या हाती लागतो. वळवाच्या पावसानंतर रात्री सात-आठच्या सुमारास फांद्या हलवून भुंगे गोळा करावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. झाड तोडले तर भुंगा दुसऱ्याच्या झाडावर जातो आणि आपण आपला सापळा मोडून बसतो. गावाने मिळून एका आठवड्यात हे काम केले तर त्याची बरोबरी कोणतेही औषध करू शकत नाही.

उजनीचा पाहुणा नव्हे, रहिवासी

उजनीचे धरण भीमेवर १९८० साली पुरे झाले. फुगवट्याचे पाणी इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांच्या शिवारांत पसरले. कित्येक सभासदांची काळी जमीन त्यात गेली, हे दुःख आम्ही जाणतो. त्याच पाण्यावर काठचा ऊस उभा राहिला हेही खरे. पाणी ओसरू लागले की उथळ चिखलाचे मैदान उघडे पडते. आपण तेथे गाळपेर करतो, आणि पाखरे चिखलात चरतात. हिवाळ्यात भिगवण, कुंभारगावकडे रोहित पक्ष्यांचे थवे पाहायला लोक लांबून येतात. तेथल्या मच्छीमार तरुणांना होडीतून पक्षी दाखवण्याचा नवा जोडधंदा मिळाला आहे.

रोहित हा पाहुणा आहे. चित्रबलाक मात्र आपल्याच भागात अंडी घालतो, पिल्ले वाढवतो. इंदापूर तालुक्यातील भादलवाडीच्या तलावात पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर त्यांची वसाहत आहे. इंदापूर शहरात तर भर वस्तीतल्या जुन्या चिंचांवरही त्यांनी घरटी केली आहेत. अशा वसाहतीला मराठीत सारंगागार म्हणतात. हा शब्द अरण्यवाचनाचे थोर लेखक मारुती चितमपल्ली यांनी रुळवला.

चित्रबलाक जवळजवळ मीटरभर उंच असतो. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत दीड मीटर भरतात. एवढ्या अवजड देहाने तो दिवसभर पंख मारत राहिला तर थकून जाईल. म्हणून सकाळी ऊन तापेपर्यंत थांबतो आणि तापलेली हवा वर चढू लागली की तिच्यावर गिरक्या घेत उंच जातो, मग पंख न हलवता लांबवर तरंगत जातो. आपल्या डोक्यावर दुपारी जी मोठी पाखरे घिरट्या घालतात त्यांत घारी असतात तसे करकोचेही असतात. मान पुढे आणि पाय मागे निघालेले दिसले की समजावे.

त्याची मासे धरण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. बगळा डोळ्यांनी मासा हेरून भाल्यासारखी चोच मारतो. चित्रबलाक तसे करीत नाही. तो गुडघाभर पाण्यात अर्धवट उघडी चोच बुडवून चालतो, पायाने चिखल ढवळतो, मधूनच एक पंख झटकन उघडतो. घाबरलेला मासा चोचीला लागला की चोच आपोआप मिटते. यामुळे गढूळ पाण्यातही त्याचे पोट भरते. पण याच रीतीमुळे त्याला एक अडचण आहे. पाणी उथळ हवे आणि मासे दाट हवेत. खोल पाण्यात कितीही मासे असोत, त्याला उपयोग नाही. पाणी ओसरताना मासे डबक्यांत गोळा होतात तेव्हाच त्याची सुगी असते, म्हणून या भागात त्याची वीण उन्हाळ्याशी जुळलेली आहे. आपल्या गाळपेरीच्या कडेची डबकी ही त्याची कोठारे आहेत.

नर काटक्या आणतो, मादी रचते. दोन ते पाच अंडी असतात. नर-मादी आळीपाळीने सुमारे महिनाभर ती उबवतात. पुढे पिल्लू उडायला दोन महिन्यांच्यावर लागतात. म्हणजे एका झाडाला तीन-साडेतीन महिने धक्का लागता कामा नये. मे महिन्याच्या उन्हात आई किंवा बाप घरट्यावर पंख पसरून छत्रीसारखा उभा राहतो आणि पिल्लांवर सावली धरतो. चोचीतून पाणी आणून त्यांच्या अंगावर सोडतो. स्वतःचे पाय थंड ठेवायला पायांवरच विष्ठा सोडतो, म्हणून त्याचे पाय पांढरट दिसतात. आणखी एक गोष्ट. मोठ्या करकोच्याला जवळजवळ आवाज नसतो. तो चोचीचे दोन भाग एकमेकांवर आपटून टकटक करतो, तीच त्याची बोली. गोंगाट असतो तो भुकेल्या पिल्लांचा.

खत कुणाचे, तोटा कुणाचा

आता सभासदांच्या तक्रारीकडे येऊ. तक्रार खोटी नाही. ताजी विष्ठा उसाच्या पानावर सतत पडली तर पान करपते. झाडाची सावली पडेल तेवढ्या पट्ट्यात फुटवा कमी येतो. पिल्लांना भरवताना खाली पडलेले मासे कुजतात आणि घाण वास येतो. हा तोटा एकट्या बांधवाल्याला सोसावा लागतो आणि पक्षी पाहण्याचा आनंद सगळ्या गावाला मिळतो, हे न्यायाला धरून नाही. मग इतरांनी काय केले?

कर्नाटकात मंड्या जिल्हा हा आपल्यासारखाच उसाचा जिल्हा. मंड्याचा साखर कारखाना १९३३ सालचा. त्या जिल्ह्यात मद्दूर तालुक्यात कोक्करेबेल्लूर नावाचे गाव आहे. कन्नडमध्ये कोक्करे म्हणजे बगळा-करकोच्याच्या जातीचे पाखरू. गावाच्या नावातच पाखरू बसले आहे. तेथे चित्रबलाक आणि झोळीवाले पेलिकन पिढ्यान्‌पिढ्या गावातल्या चिंचांवर, वडा-पिंपळांवर घरटी करतात. झाडे सरकारची नाहीत, लोकांच्या मालकीची आहेत, घरांना लागून आहेत. पाखरे आली की वर्ष चांगले जाते अशी गावाची श्रद्धा. माहेरवाशीण बाळंतपणाला यावी तसे ते पाखरांकडे पाहतात.

पण नुसत्या श्रद्धेवर झाड टिकत नाही हे त्यांनाही कळले होते. चिंचेला भाव असतो आणि पाखरे बसली की चिंच झोडपता येत नाही. म्हणून वनखात्याने चिंचेच्या उत्पन्नाची भरपाई झाडमालकांना देण्याची पद्धत घातली. गावकरी झाडाखाली खड्डे घेऊन विष्ठा साठवतात, माती-गाळ मिसळतात आणि शेताला खत म्हणून घालतात. माशांवर पोसलेल्या पाखराची ही विष्ठा नत्र-स्फुरदाने भरलेली असते. २००७ साली त्या गावाला सामुदायिक राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला.

दुसरे उदाहरण आसामचे. तेथे हरगिला नावाचा प्रचंड करकोचा आहे, टक्कल असलेला, गळ्याला पिशवी लोंबणारा. दिसायला इतका कुरूप की लोक त्याला अशुभ मानत. तोही लोकांच्या परसातल्या कदंबासारख्या उंच झाडांवर घरटी करतो. घाण पडते म्हणून लोक झाडे तोडत. २००७ साली दादरा गावात असे एक झाड तोडले गेले आणि पिल्ले खाली पडली. ते पाहून पूर्णिमादेवी बर्मन या संशोधक बाईंनी गावातल्या बायांना एकत्र केले. बायका हरगिल्याचे चित्र कापडावर विणू लागल्या, विकू लागल्या. डोहाळजेवणाचे सोहळे पाखरांसाठी होऊ लागले. ज्या झाडाची लाज वाटायची त्याच झाडाचा मान वाटू लागला. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने बर्मन यांना आपला सर्वोच्च सन्मान दिला.

दोन्ही गावांत एकच गोष्ट घडली. तोटा एकट्याचा न ठेवता सगळ्यांनी वाटून घेतला. सहकार म्हणजे तरी दुसरे काय? एकट्याच्या दोन एकर उसाला गिरणी परवडत नव्हती म्हणून तर आपण भाग घेऊन कारखाना उभा केला.

कायदा काय सांगतो

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे या पाखरांना मारणे, पकडणे, अंडी-पिल्ले उचलणे, घरटे मोडणे हा गुन्हा आहे. त्याशिवाय चिंच, आंबा, जांभूळ यांसारखी झाडे स्वतःच्या बांधावरची असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. पाखरांसाठी कायदा करणे हे नवेही नाही. शंभर-सव्वाशे वर्षांमागे विलायतेत बायकांच्या टोप्यांवर बगळ्याची पिसे खोवण्याची फॅशन होती आणि त्यापायी बगळे मारले जात. १९०२ साली हिंदुस्थान सरकारने पिसांची निर्यात बंद केली. तेव्हा बगळा वाचला, नाहीतर आज नांगरामागे कोण असते?

विषाची बाजू

झाडापेक्षा मोठा धोका पुडीत आणि डब्यात आहे. हुमणीसाठी, खोडकिडीसाठी सरीत दाणेदार औषध टाकण्याची आपल्याला सवय लागली. फोरेटचे दाणे कित्येक वर्षे वापरले गेले. ३१ डिसेंबर २०२० पासून फोरेटवर देशात बंदी आहे. एंडोसल्फान २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाले. कार्बोफ्युरानचे, २०२३ च्या आदेशानुसार, वेष्टित दाणेदार ३ टक्के हे रूप सोडून बाकी सर्व प्रकार बंद झाले. अमेरिकेत हे दाणेदार कार्बोफ्युरान १९९० च्या दशकातच पाखरांच्या मरणामुळे जवळजवळ बंद करावे लागले. एक दाणा एका चिमणीएवढ्या पाखराला पुरतो, इतके ते जालीम.

पाखरू विष कसे खाते? तीन वाटांनी. एक, उघडा पडलेला दाणा बी किंवा खडा समजून. दोन, विष खाऊन वर येऊन वळवळणारी अळी सोपी शिकार म्हणून. गायबगळा आणि शराटी नेमकी अशीच अळी आधी उचलतात. तीन, सरीतले पाणी वाहून नाल्यात आणि तळ्यात गेले की मासे-बेडकांमार्फत. म्हणजे जे पाखरू आपली हुमणी खायला येते तेच आधी मरते. पुढच्या वर्षी हुमणी तशीच असते आणि औषधाचा खर्च वाढतो.

म्हणून बंदी घातलेले औषध कोणी घरात जुने ठेवले असेल, दुकानदार मागच्या दाराने देत असेल, तर ते घेऊ नये. जे औषध शिफारशीत आहे ते लेबलावर लिहिलेल्या प्रमाणातच वापरावे, मातीआड करावे, आणि नंतर पाणी असे द्यावे की शेताबाहेर जाणार नाही. हुमणीसाठी मेटारायझियम ही मित्र बुरशी शेणखतात मिसळून देता येते. ती अळीला रोग लावते, पाखराला काही करीत नाही. प्रमाण आणि वेळ गट ऑफिसात विचारून घ्यावी. आणखी एक जुनी खोड आहे, डबक्यात औषध टाकून मासे मारण्याची. ते मासे माणसे खातात, त्या पाण्यावर जनावरे जातात आणि करकोचेही तेच खातात. हे काम कोणी करीत असेल तर गावाने थांबवले पाहिजे.

कारखान्याची बाजू

सगळा उपदेश शेतकऱ्यालाच करावा हे बरे नव्हे. मळीपासून अल्कोहोल काढताना जे काळे पाणी, स्पेंटवॉश, उरते ते कच्चे असताना घरगुती सांडपाण्याच्या शंभर पटींहून जास्त प्राणवायू ओढून घेते. असे पाणी नाल्याला गेले की मासे तडफडून पाण्यावर येतात. पहिले एक-दोन दिवस बगळ्यांची चंगळ वाटते, पण नंतर ते पाणी पाखरांच्या उपयोगाचे राहत नाही. म्हणूनच आसवनीला आज शून्य विसर्गाचे बंधन आहे, एक थेंबही बाहेर जाता कामा नये. नाल्याचे पाणी काळे झाले, फेस आला, मासे मेलेले दिसले तर सभासदांनी संकोच न करता लगेच कळवावे. कारखाना आपला आहे, म्हणून त्याची चूक झाकणे नव्हे तर वेळीच दाखवणे हे मालकाचे काम आहे.

दुसऱ्या भागांतले दोन धडे

पाणी, झाड आणि शेत एकत्र असेल तर ही पाखरे शेतकऱ्यांत राहू शकतात. हरियाणात कांडेसर करकोचे कालव्याच्या कडेच्या उंच झाडांवर भर शेतीच्या मुलखात घरटी करून पिल्ले यशस्वीपणे वाढवतात. थायलंडमध्ये परदेशातून आलेल्या सोनेरी गोगलगाईने भाताचा धुव्वा उडवला, तेव्हा फट असलेल्या चोचीचा मुग्धबलाक तिच्यावर पोसून संख्येने वाढला. आपल्या नाशिक जिल्ह्यात गोदावरी-कादवा संगमाजवळचे नांदूरमध्यमेश्वर हे धरणाचेच पाणी. सभोवार ऊस, द्राक्षे, गहू. तरी २०२० च्या जानेवारीत ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. म्हणजे जगाने मानलेली पाणथळ जागा शेतकऱ्यांच्या मधोमध असू शकते.

आता करायचे काय

एक: ज्या झाडावर घरटी आहेत त्याला विणीच्या काळात हात लावू नये. फांदी उतरवायचीच असेल तर पिल्ले उडून गेल्यावर, आणि परवानगी घेऊन.

दोन: घरट्याच्या झाडाखालच्या पट्ट्यात ऊस न लावता हत्ती गवत किंवा कडवळ लावावे. विष्ठा पडली तरी चारा धुऊन घेता येतो आणि सावलीचा तोटाही कमी होतो. जमल्यास खड्डा घेऊन विष्ठा व पाचट कुजवावे आणि चांगले कुजल्यावरच उसाला द्यावे.

तीन: पाचट पेटवू नये. पेटते रान पाहून बगळे जमतात, कारण किडे पळतात, पण ही एका दिवसाची मेजवानी असते. पाचट कुजले तर गांडुळे आणि किडे वर्षभर राहतात आणि पाखरेही.

चार: पडलेले पिल्लू दिसले तर घरी नेऊ नये, कुत्र्या-मांजरांपासून राखावे आणि वनखात्याला कळवावे.

पाच: काठच्या प्रत्येक गावाने आपल्या शिवारातील घरट्यांची झाडे मोजून यादी गट ऑफिसात द्यावी. कोणाचे झाड, कोणती जात, किती घरटी. यादी हाती असल्याशिवाय झाडमालकाच्या तोट्याची भरपाई मागायला तोंड राहणार नाही. यादी आली की भरपाईचा विषय संचालक मंडळापुढे आणि वनखात्याकडे मांडण्याचे काम ऊस विकास खाते करील.

यादीचा कोरा तक्ता प्रत्येक गट ऑफिसात ठेवला आहे. वीण सुरू होण्याआधी तो भरून यावा. शाळेतल्या मुलांना हे काम सांगितले तर ती हौसेने करतील. त्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते, आणि त्यांची मोजणीही बहुधा खरी निघते.

ऊस विकास अधिकारी